रस्त्याकडची पट्टी

आयोवा,
२६ ऑगस्ट

प्रिय लोवेल,

तुझं पत्र आणि सोबतचा कागद मिळाला. तुझा गुडघा आता बरा असेल. इथे सगळं ठीक. उकाडा मरणाचा आहे. परसात झुकिनी इतकी आलीय, की मी चर्चमध्ये पोचले की लोक आपापल्या गाड्यांना कुलपं लावतात, न जाणो मी आत चार टाकून जाईन.

आता कागदाकडे येते. शेत शेजारच्या वर्लिनला कसायला द्यावं, असं तुझं म्हणणं. कारण त्याने तुला फोन करून सांगितलं, की बाबा गेल्यापासून आर्डिसला शेत झेपत नाही, चर्चच्या रस्त्याला मका पार करपलाय. खरं आहे. करपलाय. मीच करपू दिलाय.

तू जन्मभर लोकांचे दात तपासलेस, तेव्हा तुला कळेल. तोंड उघडल्याशिवाय दाढ दिसत नाही, आणि वर्लिनने पिकअपमधून खाली पाय ठेवलेला नाही.

जुलैत मी रोज शेतात शिरत होते. ओळींतून चालून हातांवर पानांचे ओरखडे उठले. खालच्या पानांवर राखी, लांबट डाग दिसू लागले होते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. करपा कणसाजवळच्या पानांपर्यंत चढला, तर दाणा भरणार कशाच्या जोरावर? वर्लिनने स्वतःच्या शेतात बुरशीनाशक जूनमध्येच मारलं होतं, तणनाशकाच्या टाकीत मिसळून, एका फेरीत दोन कामं. तेव्हा मका गुडघ्याएवढा होता. ज्या पानांवर औषध पडलं, ती पानं केव्हाच वाळून गेली. वर मलाच म्हणाला, "आर्डिस, मका स्वतः येऊन दार वाजवेल म्हणून वाट बघतेस का?" मी तुरा बाहेर पडेपर्यंत थांबले आणि मग फवारणीचं विमान बोलावलं.

वैमानिक किपला सांगितलं, रस्त्याकडची पट्टी कोरडी सोड. फवारलेलं आणि न फवारलेलं शेजारी शेजारी दिसू दे. तो हसायला लागला.

"मॅडम, अशी पट्टी लोक शेताच्या मधोमध सोडतात. स्वतःची लक्तरं वेशीवर कोण टांगतं?"

"मी टांगते," म्हटलं. "औषध वाया गेलं, तर तेही गावाला दिसू दे."

आता ती पट्टी तपकिरी झालीय. रविवारी संध्याकाळी सगळे पिकअप तिथे आले की रांगायला लागतात. परवा वर्लिन चर्चच्या पायरीवर म्हणाला, "आर्डिस, तुझ्या मक्यासाठीही प्रार्थना ठेवायची का?" सगळे हसले. मी म्हटलं, "ठेव की. पण आधी बूट चढव आणि माझ्याबरोबर आत चल." आला नाही. पट्टीच्या आत मका अजून हिरवागार उभा आहे. आणि रस्त्यापलीकडे त्याचं स्वतःचं शेत शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वाळतंय, ते काही त्याने तुला फोनवर सांगितलं नसणार.

पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितेच. बाबा रस्त्याकडच्या ओळींना दुप्पट खत घालायचे, आठवतं? जाणाऱ्या-येणाऱ्याने म्हणावं, काय शेत आहे! आतल्या ओळी कोण बघतंय? आपल्या घरातही तेच होतं, लोवेल. तू रस्त्याकडचा. तुझे चषक, तुझी पदवी बाबा गावभर मिरवायचे. मी आतली. जन्मभर त्यांच्याबरोबर पेरलं, कापलं, शेवटी त्यांना चमच्याने भरवलं. आणि दफनानंतरच्या जेवणात, चर्चच्या तळघरात, हातात हॅमचं सँडविच घेऊन, तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "आता तू करणार काय?" मला त्याचा राग आला होता. अजून आहे.

कागद परत पाठवतेय. सही केलेली नाही, करणारही नाही. दोघांच्या सहीशिवाय तो चालत नाही, एवढं मलाही कळतं.

त्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये तू ये. कापणीयंत्रात माझ्या शेजारची जागा बाबांनंतर रिकामीच आहे. आधी रस्त्याकडची पट्टी कापू, मग आतलं शेत, आणि एकरी उताऱ्याचे आकडे दोघं मिळून बघू. आतलं पीक उतरलं नाही, तर वर्लिनच्या हातात मी स्वतः कापणीयंत्राची किल्ली ठेवीन.

पण उतरेल. मी आत जाऊन पाहिलंय.

अर्ध्या शेताची मालकीण, सगळ्या शेताची शेतकरीण,
तुझी बहीण
आर्डिस