अप्पा, तुमची भाविका आली होती

प्रिय अप्पा,

काल तुमची भाविका घरी आली होती. उल्हासनगरहून थेट शिरगावात, मिठाईचा पुडा घेऊन. ती गेल्यापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगणार? लोक म्हणतील, चाळिशी आली आणि परक्या पोरीवर जळते!

जळतेच मी. तुमच्यापासून काय लपवायचं?

आनंदनगरच्या मैदानावर दर रविवारी तुम्ही नवशिक्यांना गोल्फ शिकवायचात ना, ती जागा आता तिला देताहेत. पण तिनं अजून होकार दिलेला नाही. म्हणाली, "दीदी, तुम्ही हां बोला तरच मी शिकवणार. अंकलची जागा आहे ना ती." उद्या तिला उत्तर द्यायचंय. आणि अप्पा, माझ्या तोंडून ‘हो’ निघत नाहीये.

शाळेत असताना मी म्हटलं होतं, "मलाही शिकवा ना." आठवतंय? पेपरातून मान वर न करता म्हणालात, "तो साहेबलोकांचा खेळ गं. तू आपला अभ्यास कर." केला अभ्यास! बँकेत लागले. मग कापडवाल्याची ही मुलगी कुठली साहेब होती हो?

तिला किती मायेनं शिकवलंत! स्टिक घट्ट आवळते म्हणून सांगायचात, "ओला पापड उचलतेस ना, तशी धर." तिच्या घरी पापड लाटतात हे बरं ध्यानात राहिलं. मी दहावीला की बारावीला, हे मात्र आईला विचारायचात.

आणि आपल्या घरचे पंचे तिच्या काखेत! दंड अंगाला धरून राहावेत म्हणून काखांत पंचा दाबून फटका मारायला लावायचात. पडला की पुन्हा. ते पंचे आई धुवायची आणि घड्या मी घालायचे.

एकदा डबा द्यायला आले, तर तुम्ही तिच्या डोक्यावर तळवा ठेवून उभे. फटका मारताना डोकं हलू नये म्हणून. "नजर बॉलवर. आधी कंबर फिरू दे, हात मागनं येतील." किती हळू बोलत होतात! तो आवाज घरी कधी आणलाच नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात तो नोकरीची ऑर्डर आली तेव्हा, आणि तोही घाईत. डबा बाकावर ठेवून मी तशीच परत आले.

तुमच्या तेराव्याला ती माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. बायका तिचीच पाठ चोळत बसल्या. त्याचाही मला राग आला.

काल चहा झाल्यावर म्हणाली, "बघा ना दीदी, बरोबर येतं का?" आणि हॉलमध्येच उभी राहिली. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे सैल, पाठ ताठ ठेवून कमरेतून वाकलेली. "अंकल पहिल्या दिवशी सगळ्यांना हेच शिकवायचे. ये फॉरेन का तरीका है."

फॉरेन! अप्पा, मला हसू आवरेना. ही तर आपली आवणी! इथे इमारती व्हायच्या आधी, आपल्या खाचरात भाताची रोपं लावताना तुम्ही मला चिखलात असंच उभं केलं होतंत. "कमरेतून वाक, पाठ मोडू नको, नायतर सांजच्याला रडशील." मी तेव्हा जेमतेम तुमच्या कमरेला लागत होते. भाविकाचा तर जन्मही झाला नव्हता. म्हणजे पहिला धडा मलाच मिळाला होता की!

मी तिला सांगणारच होते. अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

उद्या तिला हो म्हणते. शब्द देते तुम्हाला. जागा तिची, रविवार तिचे, तुमच्या स्टिकाही नेऊ दे. मुलांना तुमच्यासारखंच शिकवेल ती, मला ठाऊक आहे. पण ते उभं राहणं कुठून आलं, हे मी तिला सांगायची नाही. तिनं विचारलं तरी नाही. रागवायचं तर रागवा!

तुमची एकुलती एक मुलगी,
सुषमा