दाराचा प्रवेश

अण्णा, तुमचं नाटक परवा रविवारी आपल्या गावात परत लागलं. पुण्याच्या मंडळींनी ते नव्यानं बसवलंय आणि सगळीकडं त्याचं बरंच नाव झालंय. मी गेले होते. तुम्ही असताना एकदाही गेले नाही आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर गेले, एकटीच, दुपारच्या प्रयोगाला, इस्त्रीची साडी नेसून. रिक्षा एसटी स्टँडवरून घ्यावी लागली. तिथल्या पाटीवर आता धाराशिव लिहिलंय. तुम्ही कंट्रोलरच्या खोलीत बसून भोंग्यावरून गावाचं जे नाव पुकारत होता, ते आता म्हाताऱ्यांच्याच तोंडात राहिलंय. माझ्याही राहिलंय, कारण मीही आता त्यांच्यातलीच.

नाटकाची गोष्ट तुम्हाला काय सांगायची, त्यातला बाप तुम्हीच होता. लेक बापाचं न ऐकता घर सोडून जाते, तिकडं तिचं काही धड होत नाही आणि शेवटच्या प्रवेशात ती परत येऊन बापाच्या दाराबाहेर उभी राहते. पुण्याचा बाप दाराकडं पाठ करून उभा राहिला. तिनं हाक मारली, थोडं थांबून परत मारली. तो हलला नाही. उजेड हळूहळू गेला आणि दार बंदच राहिलं. लिहिणाऱ्यानं तसंच लिहून ठेवलंय म्हणे. पण आपल्याकडं ते तसं कुणाला आठवतच नाही. एसटीतले, पोस्टातले, शाळेतले लोक जमवून तुम्ही हे नाटक येरमाळ्याच्या जत्रेपासून तामलवाडीपर्यंत केलंत, त्यात बाप वळतो, दार उघडतो आणि लेकीला विचारतो, "जेवलीस का?" आपल्या भागात त्याला दाराचा प्रवेशच म्हणतात. त्यामुळं परवा अंधार झाला तरी कुणी टाळ्या वाजवेना. सगळे तुमची वाट बघत होते. शेवटी मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "अवो, इचारा की तिला, जेवलीस का म्हणून." अर्धं नाट्यगृह हसलं, उरलेल्यांनी हसणाऱ्यांना गप्प केलं, आणि उजेड आला तेव्हा पुण्याचा तो नट नमस्कार करता करता आमच्याकडं बघत होता. आपलं काय चुकलं ते बिचाऱ्याला कळत नव्हतं.

बाहेर चहाच्या गाडीपाशी तर भांडणच जुंपलं. ओरडणारा म्हातारा तामलवाडीचा निघाला. तो ज्याला त्याला सांगत होता, "अर्धंच नाटक करून चालले की हे. दार उघडायचं राहूनच गेलं." एक निवृत्त हेडमास्तर त्याला समजावत होते, की मूळ नाटक हेच, आपल्या लोकांनी दार उघडून त्यात उगाच साखर घातली होती, खरं नाटक आपण आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्याशेजारी कॉलेजातली एक पोरगी होती, ती म्हणाली, "पण सर, ती परत येतेच कशाला? दार बंद राहिलं ते बरंच झालं. जाईल की दुसरीकडं." म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं जाईल बाई?" पोरगी म्हणाली, "कुठंबी." त्यावर तो लई हसला. एक बाई नुसतीच रडत होती आणि तिचा नवरा तिला सांगत होता, की अगं नाटक आहे ते. अण्णा, तुम्ही असता तर चहा गार करून या सगळ्यांशी हुज्जत घातली असती. मी कागदाचा कप घेऊन बाजूला उभी होते. नाटक बघून आल्यावर माणसाला बोलायला कुणीतरी लागतं. सगळे आपापल्या माणसाशी बोलत होते आणि मला काय वाटलं ते विचारणारं तिथं कुणी नव्हतं, घरीही नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते. बंद दार बघून मला हायसं वाटलं.

त्याचं कारण तुम्हाला कधी बोलले नाही. नळदुर्गच्या पलीकडं तुम्ही मला दिली होती, घरात सगळे कानडी बोलायचे. माणसं वाईट नव्हती. नवऱ्यानं दुसरं घर केलं तरी मला कुणी जा म्हणालं नाही, फक्त माझ्याशी बोलणं कमी कमी होत गेलं आणि शेवटी एकच प्रश्न उरला, "ऊटा आयता?" जेवण झालं का. तिकडं रस्त्यात भेटलेल्या माणसालाही तेच विचारतात, आणि त्याचं उत्तर एकच असतं, "आयतु", झालं. पुढं काही बोलायचं नसतं. एक दिवस मी पिशवी भरली आणि गाडीत बसले. दुपारी आपल्या स्टँडवर उतरले तर डोक्यावर तुमचाच आवाज, येडशीमार्गे जाणारी गाडी फलाटाला लागतेय म्हणून. मला तुमच्या खोलीपर्यंत येण्याचा धीर झाला नाही. आई जाऊन वर्ष होत आलेलं, घरी तुम्ही एकटे, आणि तुमच्या मनाविरुद्ध मी काही करत नसे. रसवंतीच्या मागच्या बाकावर बसून राहिले, तुमच्या गाड्या ऐकत. तुमची पाळी संपली, तुम्ही सायकलवर टांग टाकली, मग मी मागून चालत निघाले.

मी आपल्या दारात उभी आहे. नळावर बायका भांडी घासतायत, त्यांचे हात थांबलेत. मी कडी वाजवते. तुम्ही दार उघडता, माझ्याकडं बघता, पिशवीकडं बघता, माझ्या खांद्यावरून नळाकडं बघता आणि मोठ्या, अगदी नळापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारता, "जेवलीस का?" मी "हो" म्हणते. तुम्ही बाजूला होता. बस्स, एवढंच. त्या दिवशी नाही आणि पुढं तुम्ही असेपर्यंत नाही, का आलीस, किती दिवस राहणार, काहीच तुम्ही विचारलं नाही. मी शिलाई मशीन टाकलं, गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागले, आणि ती गोष्ट तिथंच मिटली असं सगळ्यांना वाटलं.

पुढं एकदा माप देता देता एक बाई म्हणाली, "तुमच्या अण्णांचं ते नाटकातलं वाक्य लई जीवघेणं हाय बघा. जेवलीस का म्हणतेत अन् आमच्या डोळ्याला धारा लागतेत." माझ्या हातातली टेप तशीच राहिली. मी लग्न होऊन गेल्यावर तुम्ही हे नाटक घेतलं होतं, त्यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं, की आपल्या दारात उभं राहून तुम्ही माझ्यापुढं नाटकातलं वाक्य टाकलंत, नळावरच्या प्रेक्षकांसाठी. मग एकदा तुमची मंडळी घरी बसली होती, मी आत चहा टाकत होते आणि कुणा पाहुण्यानं तुम्हाला विचारलं, की दार उघडायचं सुचलं कसं. तुम्ही हसून म्हणालात, "सुचतंय कशाचं. कडी निसटली, दार आपोआप उघडलं. मग कायतरी बोलावं लागलंच की." सगळे हसले. मी चहा गाळत राहिले. मला वाटलं, माझंही तसंच झालं, दार उघडून बसलं होतं, बायका बघत होत्या, आता काहीतरी बोलणं भाग होतं.

त्यानंतर तुमच्याबरोबर मी जन्म काढला. तुमच्या भाकरीला कधी गोल आकार आला नाही, म्हणून स्वैपाक मी घेतला. एकदा मशीनवर गिऱ्हाईक आलं म्हणून मी वाढलेल्या ताटावरून उठले, तर तुम्ही असे रागावलात की गिऱ्हाईक परत गेलं. "वाढल्या ताटावरून उठत जाऊ नको. लई वंगाळ वाटतं मला." एवढा राग मी दुसऱ्या कशावरही पाहिला नाही. दरवर्षी प्रयोगाच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या मशीनवर पास ठेवायचा आणि म्हणायचा, "आलीस तर ये." मी म्हणायची, ब्लाउज द्यायचेत. तुम्ही दुसऱ्यांदा म्हणायचा नाहीत. तुमचं दुखणं काढलं, शेवटी तोंडात पाणीही मीच घातलं, आणि एवढ्या सगळ्यात मला एक गोष्ट कळली नाही. तुम्ही मला घरात घेतलंत, की दार उघडलं म्हणून मी आत आले? परवा पुण्याच्या बापानं दार उघडलं नाही तेव्हा निदान त्याच्या लेकीला शंका तरी राहणार नाही, असं माझ्या मनात आलं, आणि म्हणून हायसं वाटलं.

परवा चहाच्या गाडीपाशी कप टाकायला वळले तर एका पिकल्या केसांच्या बाईनं माझा हात धरला. "वळखलं का? मी तुमच्या अण्णांची लेक व्हते, नाटकातली." येडशीच्या शाळेत होत्या त्या बाई. मी म्हटलं, तुम्हाला आजचं कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "मला नवं काय वाटणार. आमचंबी सुरुवातीला आसंच बंद व्हतं की. मी भाईर हुबी राहून हाका मारायची अन् पडदा पडायचा."

"मग कडी निसटली," मी म्हटलं.

"कसली कडी? गोणपाट ताणलेलं दार व्हतं आमचं, त्याला कडी कुठली?" त्या हसल्या. "अण्णांनीच तालमीत काढलं, यंदा दार उघडायचं. सगळे नको म्हणाले, लिहिणाऱ्यानं लिहिलं न्हाय म्हणाले. तर अण्णा म्हणाले, मग दुसरा बाप बघा."

मी विचारलं, हे कधी? "तुमी घरी आल्या न्हवं का, त्याच्या पुढच्या दिवाळीला," त्या म्हणाल्या. मग जरा आठवून त्यांनी सांगितलं, "अन् त्यांनी जेवलीस का म्हणून इचारलं तर माझ्या तोंडून आपसूक हो गेलं. अण्णांनी तालीमच थांबवली. म्हणाले, हो म्हणू नको बाई. हो म्हणलं की मला पुढं कायच करता येत न्हाय. न्हाय म्हण. मग मी न्हाय म्हणायची, अन् ते खाली बसून ताट वाढायला लागायचे. पडदा पडला तरी वाढतच असायचे. लोक त्यालाच रडायचे हो." बायका मला माप देताना वाक्यापर्यंत सांगायच्या आणि पदर डोळ्याला लावायच्या. त्यापुढं ताट होतं हे मला परवा कळलं. मग येडशीची गाडी चुकेल म्हणून त्या बाई घाईनं निघून गेल्या.

म्हणजे वाक्य नाटकातून घरी आलं नव्हतं. आपल्या दारातून तुम्ही ते नाटकात नेलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, अण्णा, पण रिक्षात बसल्यावर मला तुमचा राग आला. अजून आहे. जत्रेतल्या लोकांना तुम्ही ते दाखवलंत, तामलवाडीच्या म्हाताऱ्याला दाखवलंत, ज्यांचा आपला काही संबंध नाही त्यांना रडवलंत, आणि मी आत चहा गाळतेय हे माहीत असून कडी निसटली म्हणालात. घरात आपण दोघंच होतो. खरं काय ते भिंतीकडं बघून म्हणाला असता तरी मला पुरलं असतं. आणि नळदुर्गची गाडी दुपारी लागते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तुम्हीच ती पुकारली असणार. मी उतरल्यापासून तुमची पाळी संपेपर्यंत कुठं बसले होते हे तुमच्या खिडकीतून दिसत होतं का, हे आता कुणाला विचारू?

काल परत एकदा मी त्या बाईंचं बोलणं आठवून बघितलं आणि आज हे लिहायला बसले. पाठवणार कुठं, लिहून झालं की घडी घालून ठेवीन. ताटात भाकरी वाढून घेतलीय, समोर कुणी नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा सासरच्या सवयीनं माझ्या तोंडून हो निघून गेलं. नाही, अण्णा. मी जेवले नव्हते. सकाळपासून पोटात काही नव्हतं.