बेडकीसाठी कॅमेरा

३ मार्च, सकाळ
सूनबाई म्हणाली, "आई, जे काय असेल ते वहीत लिहा, मला ऑफिसला जाऊ द्या." म्हणून लिहिते. शाळा तिसरीतच सुटली, पण अक्षर गोल आहे. आमच्या बाई कौतुक करायच्या. त्या बाईंना दमा होता. असो.
आनंदाची बातमी. आमची बेडकी, म्हणजे नात, बुडालेल्यांना शोधणाऱ्या पथकात आहे. पाठीला सिलिंडर लावून खाली जाते. पथकाला पाण्याखालचा कॅमेरा घ्यायचाय, परवडणारा. दुकानदाराने दोन बघायला दिलेत, ते सध्या आमच्याकडे. पथकाचे साहेब दारात हसून म्हणाले, "आजी, आता तुम्हीच निवडा." एवढी जबाबदारी माणूस ओळखूनच देतात.

३ मार्च, दुपार
कॅमेऱ्याचा उपयोग मला लगेच कळला. बेडकी सांगते, खाली डोळे उघडे काय, मिटलेले काय, सारखंच. हाताने चाचपडत शोधायचं. आता कॅमेरा जाईल खाली आणि पोर बसेल काठावर चहा पीत. मी काळजी करत नाहीच म्हणा. ती ड्यूटीवर असली की मी वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालते, ते कपडे दमट असतात म्हणून.

५ मार्च
ट्रायल घेतली. बादलीत. एक कॅमेरा बारका, साधा. दुसऱ्याला भोवती दिवेच दिवे, लांब वायर, वर बघायला पडदा. दिवेवाल्याने बादलीच्या तळाचा चरा दाखवला. तो चरा धाकट्या जावेने पाडला होता, आणि कबूल कधी केलं नाही. जाऊ दे. निकाल: दिवेवाला.

६ मार्च
बेडकी म्हणाली, "आजी, आम्ही उतरतो त्या दगडखाणीचं पाणी असं नसतं गं. गढूळ करून बघ." कुंडीतली चिमूटभर माती टाकली. जास्त नको, पाणी वाया जातं. तरी चरा दिसला. साहेब म्हणे म्हणाले, गढुळात दिवा म्हणजे धुक्यात हेडलाइट, समोर नुसतं पांढरं. साहेबांना गाडीचं फार. मी बेडकीला बजावलं, दिवेवाला घेईपर्यंत जेवणार नाही. ती म्हणाली, "आत्ता तर जेवलीस." ते निश्चयाआधीचं.

८ मार्च
काल तिला खरंच बोलावणं आलं. उशिरा आली. बोटं सुरकुतलेली. मी पाणी तापवून दिलं. झोप लागली नाही, उशी बदलायला हवी. कॅमेरा उद्या ठरलाच पाहिजे. ठरलाच पाहिजे.

९ मार्च, संध्याकाळ
आज खाणीवर ट्रायल. मीही गेले, अर्थातच. जुन्या कपड्यांचा बाहुला दगड बांधून बुडवला. मग दिवेवाला खाली सोडला. पडद्यावर नुसतं दूध. मी म्हटलं, साय धरली असेल, हलवा जरा. हलवला, तर वायर खाली कशात तरी अडकली. वर येईना. दुकानदाराची वस्तू, सोडून कसं यायचं? साहेब बेडकीकडे बघायला लागले. मी म्हटलं, बारका कॅमेरा खाली सोडून आधी दिवेवाला कुठे अडकलाय ते बघू. बेडकीने मास्क लावला आणि उतरली. माझ्या कॅमेऱ्यासाठी.
तिचा दोर धरणाऱ्या माणसामागे मी दोराचं शेपूट धरून उभी. तो म्हणाला, "आजी, तिच्याकडून एक हिसका आला म्हणजे ठीक. तुम्ही ओढू नका, तिला वाटेल वर बोलावतोय." मी ओढत नव्हते. शेपूट मनगटाला दोनदा गुंडाळलं होतं, गारठा म्हणून. ऊन होतं, पण गारठाही होता.
बराच वेळ नुसते बुडबुडे. मग ते पण दिसेनात. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.
मग एक हिसका. हातापर्यंत आला.
वर आली ती एका हातात कॅमेरा आणि काखेत बाहुला घेऊन. चाचपडताना तोही हाताला लागला म्हणे.
साहेबांनी विचारलं, "मग आजी, कोणता घ्यायचा?"
मी म्हटलं, "दोर जाडा घ्या."