परतीची गाडी

२ एप्रिल १९९६, मंगळवार
नर्सिंगच्या वर्गात फळ्यावर लिहिलं – संमोहन प्रसूती. मागच्या बाकावरून लगेच, "बाई, जादूगार करतो तसं का?" सगळ्या हसल्या. मीही.

पुण्याच्या शिबिरातला झेरॉक्स वाचून दाखवला. श्वास लांब सोडायचा, अंग सैल, डोळे मिटून आवडती जागा बघायची. बाई शुद्धीवरच असते, फक्त भीती उतरते. तपासणी, औषध सगळं नेहमीसारखंच – हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं का?

मंगलनं टोकलंच. शिरूर कासारची, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. "बाई, तुमचं तर लगीन बी न्हाई. तुमाला कसं ठाऊक?"

म्हटलं, नेकनूरच्या साखराआत्यामुळे. ती सुईण. दहा वर्षांची होते तेव्हापासून तिच्यामागं जायचे, पाणी तापवायला. ती म्हणायची – जबडा आवळला की खालचंही आवळतं. शिबिरातल्या डॉक्टरीणबाई नेमकं हेच बोलल्या!

४ एप्रिल
प्रसूती वॉर्डाच्या गंगासागर सिस्टर म्हणाल्या, "बायका ओरडतात, आपण दटावतो, लेकरू होतं. तीस वर्षं हेच चाललंय." मग अट घातली. एक बाळंतपण करून दाखवा. बाई ओरडली तर हा धडा बंद.

मान्य केलं. जमेल मला.

झेरॉक्समध्ये समुद्रकिनारा आहे. आमच्या बायकांनी समुद्र कुठं पाहिलाय? तो गाळून वहीत लिहिलं – हिरवागार उसाचा फड, पाटाचं पाणी, झुळूक. छानच उतरलंय!

९ एप्रिल
भिवराबाई. दुसरी खेप. ऊसतोडीहून परतून दहा दिवस झालेले. पहिल्या कळा सुरेख गेल्या, जबडा सैल. सिस्टर दारात उभ्या. मी हळूच म्हटलं, "तुम्ही उसाच्या फडात उभ्या आहात..."

तिच्या मुठी वळल्या. दातखीळ. आणि किंकाळीच! "फडाचं नाव नगा काढू! मोळ्या उचलून कंबर मोडली माझी!"

सिस्टर पाठ फिरवून दाराबाहेर गेल्या. मी वही चाळू लागले.

मदतीला आणलेली मंगल पुढं झाली. कपाळावर हात ठेवला. "मावशे, फड संपला. गाडी भरली. बैलं घराकडं लागली. तू नुसती पडून ऱ्हा. बैलांना वाट ठावी हाय."

जबडा सुटला. तासाभरात मुलगी. दोघी छान.

१० एप्रिल
धडा बंद. "बोली ती बोली," सिस्टर म्हणाल्या. बरोबरच आहे. ती ओरडली, आणि माझ्यामुळे. वहीतला फड खोडला. मंगलचे शब्द तिच्या नावासकट उतरवून घेतले. महिन्याभरानं पुन्हा विचारणार. सोडणार नाही.

२७ एप्रिल
गंगासागर सिस्टरांची मुलगी रुद्राणी, पहिलटकरीण, पहाटेपासून कळा देतेय. दहाला सिस्टर स्वतः वर्गाच्या दारात. मी लगबगीनं उठले. "तुम्ही बसा, बाई. ती गाडीवाली पोरगी पाठवा."

मंगल ओढणी खोचत निघाली. दारातून वळून मला म्हणाली, "आधी तिलाच इचारते, बाई – कुठं जायचंय."