कर्जत स्पेशल बाजरी बिअर

३ मार्च १९९६, रविवार
साडू काकासाहेब जेवून गेले. कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीला काय पाठवलं, तोंड बंद होईना. तिकडे म्हणे गावागावाची स्वतःची बिअर असते, शेजारच्या गावची कोणी तोंडात घेत नाही. मग मला विचारलं, सर, तुमच्या कर्जतचं काय? धूळ? सगळे हसले. सौ. सर्वांत जास्त हसली. लग्नाची बायको!
ठरलं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, हायस्कूलचा सायन्स टीचर. मे महिन्यात ते येतील तेव्हा त्यांच्या हातात कर्जतची बिअर असेल. नाहीतर नाव लावणार नाही.

४ मार्च
त्यांची बार्ली, आपली बाजरी. भिजवायची, मोड आणायचे, वाळवून भरडायची, शिजवून गाळायची, वर यीस्ट. यीस्ट बेकरीवाल्याकडून आणलं. ही हातभट्टी नव्हे. हातभट्टीला शास्त्र नसतं. लायसन्सचं पुढं बघू. शाळेत चकार शब्द नाही.

७ मार्च
मोड छान आले होते. सौ.नं निम्म्याचा खिचडा करून टाकला. घरचा भेदी म्हणतात तो हा. निषेध म्हणून लोणचं घेतलं नाही. खिचडा दोनदा घेतला.

१५ मार्च
शेजारच्या कारभारीला पार्टनर केलं. शिक्षण कमी, पण माणूस जाणता. घरी एक जर्सी गाय, डेअरीला दूध घालतो. गाळून उरलेला चोथा उकिरड्यावर टाकला तर वास सुटंल, लोक नावं ठेवतील, म्हणाला. मीच नेतो घरी. न सांगता घमेलं उचललं. अशी निष्ठा आजकाल कुठं?

२० मार्च, पाडवा
सकाळी कडुलिंबाचा पाला चावताना डोक्यात वीज चमकली. जर्मन लोक कडूपणासाठी हॉप्स नावाची फुलं टाकतात. आपल्या दारात तर अख्खं झाड! भरपूर पाला उकळला. सौ. म्हणाली, गोवर आलाय का कुणाला?

३१ मार्च
पहिलं टेस्टिंग. कारभारीच्या डोळ्यांत पाणी आलं. घोट कसाबसा गिळला. मग म्हणाला, लई जोरदार. दुसरा ग्लास उजेडात बघतो म्हणून परसात घेऊन गेला, रिकामा घेऊन आला. पुढची कधी काढता, विचारलं. मी स्वतः अर्धा ग्लास घेतला. पोट बिघडलं. वांगी बाधली असावीत.

१४ एप्रिल
मागणी फार. कारभारी म्हणतो मोठा ड्रम घ्या. आज स्वतःच्या घरची बाजरी आणून दिली! आता गल्लीतले छगन आणि आप्पासाहेबही रोज कुंपणावरून विचारतात, सर, काढली का? गावाला चटक लागली. शाळेला रामराम ठोकावा का? परसातली पपई वाळली. ऊन फार आहे.

२८ एप्रिल
कणगी तळाला गेली म्हणून सौ.नं थयथयाट केला. मग मात्र एकदम गप्प झाली. वर म्हणाली, कारभारीची गाय काय तुकतुकीत दिसते हो हल्ली. मी बिअरचं बोलतोय, हिचं गाय. बाईमाणसाला व्हिजन नसते.
सकाळचा चहा मात्र दाट असतो आजकाल.

१२ मे, दुपार
काकासाहेब आले. बाटली उघडली, फेस छताला. त्यांनी एक घोट घेतला आणि मोरीकडे पळाले. चूळ भरून म्हणाले, सर, हे पोटात घ्यायचं की खरजेला लावायचं? साक्षीला कारभारीला हाक मारली.
आला. हातात दोन घमेली. मागं छगन, आप्पासाहेब, त्यांचीही घमेली. काकासाहेबांनी विचारलं, तुम्ही पिता का हे? कारभारी पायाकडं बघत म्हणाला, खोटं कशाला बोलू पाव्हणं, पयल्या दिशी प्यालो, दोन दिस उठलो न्हाई. मी आपला चोथ्यासाठी येतो. त्याचं आंबोण गायीला घातल्यापून दूध वाढलंय. छगन म्हणाला, माझ्या म्हशीचं बी.
सौ. कारभारीकडून रोज तांब्याभर दूध घेत होती. चोथ्याच्या बदल्यात. कबूल केलं, तेही हसत. माझ्या घरात, माझ्या पाठीमागं! सगळे एकाच माळेचे मणी. काकासाहेब पोट धरून हसत होते.

१३ मे
जेवलो नाही. ड्रम उपडा घातला.
संध्याकाळी कारभारी आला. टोपी हातात, मान खाली. बरं वाटलं. म्हटलं, चला, माफी मागतोय. मीही मन मोठं करायचं ठरवलं. तो म्हणाला, सर, राग मानू नका, पर तुमी ती बिअर न्हाई काढली तरी चालंल. नुसता चोथा काढा.
मी म्हणालो, या घरात पुन्हा बाजरी भिजणार नाही.
सौ.नं आतूनच सांगितलं, भिजत घातलीय, परवा या.