तेलाला आधी पाणी दाखवायचं नाही

माय, तुला साबणाचा वास आवडायचा. हे आधीच लिहून टाकते, कारण गल्लीत तुझी जी गोष्ट सांगतात तिच्यात तू साबणाची वैरी झालीयेस. खोटं आहे ते. तू दुकानात उभी राहून वडी उचलायचीस, कागदावरूनच हुंगायचीस, डोळे मिटायचीस. दुकानदार म्हणायचा, "बांधून देऊ का?" तू म्हणायचीस, "नको. वास घेतला, झालं." पुढं पुढं तर तू येताना दिसलीस की तो वड्या आतल्या फळीवर सरकवायचा. तू त्याच्याकडे नुसतं बघून हसायचीस आणि मीठ घेऊन यायचीस.

मी आता धुळ्यात राहते. खोली छोटी आहे, खिडकी मोठी. लिहिते. मासिकवाले माझं लिखाण परत पाठवतात तेव्हा वर एक ओळ असते, की बाई, हा प्रयोग आहे, पण ही गोष्ट आहे का? मला हसू येतं. प्रयोग म्हणजे काय हे मी कॉलेजात शिकले असं त्यांना वाटतं. मी ते जुन्या जळगावात, आपल्या परसातल्या धुण्याच्या दगडापाशी बसून बघितलं. परवाच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्याच गल्लीत जाऊन आले आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेल्यासारखं वाटतंय. म्हणून बसलेय.

माझे वडील, भाऊ, तेलाच्या मिलमध्ये होते. संध्याकाळी ते घरी यायच्या आधी त्यांच्या कपड्यांचा वास यायचा. भुईमुगाचं तेल, सरकीचं तेल, त्यावर बसलेली धूळ. सदरा खुंटीला लावला तर भिंतीवर सदऱ्याच्या आकाराचा डाग पडायचा. कापड तेव्हा रेशनवर मिळायचं, त्यामुळे सदरा फाटेपर्यंत तोच. तू साक्रीकडच्या खेड्यातून आलेली. तिकडं कपड्याला लागायचा तो घाम आणि माती, त्याला रिठ्याचं पाणी पुष्कळ. इथं रिठा हरला. मग शेजारणींनी सांगितलं तसा तू धुण्याचा सोडा आणलास. कपडे निघाले. आणि तुझे हात गेले. आधी लाल झाले, मग बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, मग तळव्याला. तू पीठ मळताना ओठ चावायचीस. भाऊंनी विचारलं तर म्हणालीस, "सोड्याले मन्हा हात गोड लागतस."

दुसऱ्या कुणाचे हात असते तर चाललं असतं. पण तू मांडे करणारी. पुरण भरलेला उंडा तू पोळपाटावर थोडा लाटायचीस, मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायचीस, आणि या हातावरून त्या हातावर असा खेळवत मोठा मोठा करत न्यायचीस, कोपरापर्यंत, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचीस. सासरी आल्यावर तुझी ओळख तेवढीच होती. या गल्लीत तू परकी, तुझी बोली वेगळी, तुझ्या बोलण्याची बायका नक्कल करायच्या. पण आखाजीला अक्कांच्या घरी मांडे करायला पहिलं बोलावणं तुला. अक्का म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या घरातली म्हातारी, तीही मूळची तुझ्याच बाजूची. तिच्याकडे आखाजीला माहेरवाशिणी, जावई, भाऊबंद, बठ्ठे जेवायला. मांडे करणाऱ्या बायकांनी चुलीपुढं बसायच्या आधी अक्कांना हात दाखवायचे अशी त्या घरची रीत होती. स्वच्छ आहेत का, नखं काढली का, एवढंच. म्हातारी नुसती नजर टाकायची आणि पुढं.

त्या आखाजीला मी तुझ्यामागं उभी आहे. अक्का म्हणतात, "हात दखाड." तू दाखवतेस. म्हातारी नजर टाकते आणि थांबते. तुझा तळवा धरून त्यावरून अंगठा फिरवते. मग ती हळूच म्हणते, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तू यंदा पुरण वाट." बास. तू पाट्यापाशी जाऊन बसलीस. दिवसभर पुरण वाटलंस. मिठाचं बोट लागलं तरी झोंबत असेल तुला. चुलीपुढं दुसऱ्या कुणाचे मांडे फाटत होते आणि तू मान वर केली नाहीस.

घरी आल्यावर भाऊंना कळलं. भाऊंना दुःख झालं की थट्टा सुचायची. म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण." तू बघितलंस त्यांच्याकडे. ते लगेच म्हणाले, "उद्यापासून माझे कपडे मी धुतो."

"धुवा की. मग ते कपडे राहतील का फडकी होतील ते बघू."

"त्या म्हातारीला लाज वाटायला पाहिजे," भाऊ म्हणाले.

आणि तू जे बोललीस ते मला आजही पटायला वेळ लागतो. म्हणालीस, "ती बरोबर बोलली. भेगाळ हातावर मांडा टिकत नाही. मी असते तरी हेच सांगितलं असतं." राग नाही, रडणं नाही. पुढच्या आखाजीला हात परत आणायचे, एवढं तू त्या क्षणी ठरवलंस. मला ते तुझ्या तोंडावर दिसलं.

मग सुरू झालं ते. भाऊंचं जुनं धोतर फाडून तू हाताएवढे तुकडे केलेस. सगळ्यांना मिलचं तेल चोळलंस. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून कोपऱ्याला गाठी. एक गाठ म्हणजे रिठा, दोन म्हणजे शिकेकाई, पीळ घालून गाठ म्हणजे केळीची राख. केळीचे वाळलेले खांब तू बाजारातून गाडीवाल्याकडून मागून आणलेस, जाळलेस, राख पाण्यात घालून रात्रभर ठेवलीस, वरचं निवळ काढलंस. त्याने तुकडा असा निघाला की मी टाळ्या वाजवल्या. तू बोट बुडवलंस, जिभेच्या टोकाला लावलंस, थुंकलीस. "हा सोड्याचा सख्खा भाऊ. चावणार." आणि बाजूला. दुसरं कुणी असतं तर मोहात पडलं असतं, रानातली राख आहे, देवाने दिलेली आहे, काय करणार हाताला. तुला कशाचाच मोह नव्हता. आपलं म्हणून चांगलं नाही, दुकानातलं म्हणून वाईट नाही. शिकेकाईने पांढरं कापड पिवळं पडलं, तू शिकेकाईला केसांकडे परत पाठवलीस. मामाने साक्रीच्या बाजारातून हिंगणबेटाची रानफळं आणून दिली, ती रेशमी लुगड्याला फार चांगली निघाली, पण तेलापुढं त्यांचा फेस बसायचा. साबणाची वडीसुद्धा आणलीस शेवटी, खरंच, एक. कॉलरच्या मळाला ती सगळ्यांत चांगली असं तू मोकळेपणाने सांगितलंस आणि कॉलरपुरती ठेवून दिलीस. तांब्याच्या भांड्याला चिंच, कंदिलाच्या काचेला कोरडी राख, आणि खापराला काहीच नाही, खापर नुसतं पुसायचं, कारण माती सगळं पिते. ज्याचं त्याला. घरात कुठल्या घाणीला काय लावायचं हे मला अजून असं पाठ आहे की विचारणाऱ्याने दमावं.

पण तेल काही हलेना. रिठ्याने धुतलेल्या तुकड्यावर डागाभोवती एक पिवळं कडं राहायचं. तू तुकडे दोरीवर लावायचीस आणि उन्हात उभी राहून बघत बसायचीस, जेवण करपेपर्यंत.

एकदा भाऊ जेवत होते आणि तू दोरीकडे बघत वाढत होतीस. भाऊ सहज म्हणाले, "मिलमध्ये तेल सांडलं की आम्ही कुठं पाणी मारतो? पाणी मारलं की पसरतं. भुसा टाकतो."

तुझा हात भाकरीसकट तसाच राहिला. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं?"

"इतके दिवस मी काय करतेय ते दिसत नव्हतं?"

"मला वाटलं, धोतराचा राग काढतेयस."

तू हसलीस, माय. त्या आखाजीनंतर पहिल्यांदा. भाकरी त्यांच्या ताटात टाकलीस आणि उठून ज्वारीच्या पिठाचा कोंडा आणलास. कोरड्या सदऱ्यावर पसरलास, वर पाटा ठेवलास आणि उन्हात टाकलास. दुसऱ्या दिवशी कोंडा झटकला तर त्याच्या गुठळ्या झालेल्या, काळपट, तेल पिऊन फुगलेल्या. पुन्हा नवा कोंडा. मग कोमट रिठ्याचं पाणी. कडं नाही. डाग नाही. हात तसेच्या तसे. तू मला जवळ बोलावून म्हणालीस, जसं काही शाळेत पाठ करून घेतेयस, "ध्यानमा ठेव. तेलले पयले पानी दखाडानं नही."

सोडा बंद झाला. भेगा भरायला पावसाळा आणि हिवाळा गेला. दुसरी आखाजी आली. बोलावणं आलं ते पुरणाचंच असणार, भाऊ म्हणालेही. तू चुलीच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. "हात दखाड." म्हातारीने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "हाई काय शे? काय लावतेस?"

"कोंडा."

बायका फिसकन हसल्या. एकजण म्हणाली, "आमची म्हैस रोज खाते, तिचे खूर बघा बरं." अक्काही हसल्या आणि चुलीकडे मान केली. बस म्हणून.

पहिला मांडा तुझाच होता. हातावर फिरला, जाळ दिसला, खापरावर पडला, फुगला. अक्कांनी रीतीप्रमाणे तुकडा मोडून तोंडात टाकला आणि थुंकला. "साबण." सगळ्यांच्या नजरा तुझ्या हातांवर. म्हशीवाली बाई म्हणाली, "कोंडा म्हणे." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तू हललीसही नाहीस. वाकलीस आणि खापराचा वास घेतलास, दुकानात वडीचा घ्यायचीस तसा, डोळे मिटून. मग डोळे उघडून समोर बघितलंस. दारात अक्कांची नवी सून उभी होती, लग्न होऊन चार महिने झालेली, तोंड पांढरंफटक. तिने सकाळी चांगलं करायला म्हणून खापर साबणाने घासून ठेवलं होतं. तुला कळलं. मलाही कळलं, कारण मी तू बघतेस तिकडंच बघत होते.

एक शब्द बोललीस की सुटणार होतीस. वर्षभर ज्यासाठी झिजलीस ते एका शब्दावर होतं. तू दोन्ही हात अक्कांच्या नाकापाशी नेलेस. "हुंगा." म्हातारीने हुंगलं. रिठा आणि कणीक, दुसरं काय असणार. मग तू तो मांडा खापरावरून उचललास, अख्खा, आणि चुलीत टाकलास.

"अगं, हे काय?"

"खापर नवं शे, अक्का," तू शांतपणे म्हणालीस. "नवं खापर पयलं काही बी बोलस. आमच्याकडं पयला मांडा पितरेसना. आगारीला जातो. मग खापर गप्प बसतं."

आखाजीचा दिवस, पितरांची आगारी म्हणून जाळात घास टाकायचाच असतो. कोण काय बोलणार? अक्का क्षणभर तुझ्याकडे बघत राहिल्या. तू खापरावर कोंड्याची मूठ टाकून जाळ वाढवलास, कोंडा काळा झाला की पुसून काढलास, पुन्हा टाकलास, पुन्हा पुसलास. वास गेला. दुसरा मांडा अक्कांनी खाल्ला आणि आणखी मागितला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू उठली नाहीस.

घरी येताना मी विचारलं, "माय, मामाकडं असा मांडा टाकतात?" तू म्हणालीस, "नाही." चार पावलं गेल्यावर म्हणालीस, "त्या पोरीला अख्खा जन्म त्या घरात काढायचाय. कुणाला बोलू नको." नाही बोलले. तू आणखी थोडी वर्षं मांडे केलेस आणि एका तापात गेलीस, हात मऊ असतानाच.

परवा त्याच घरात गेले होते. अक्का कधीच गेल्या. चुलीपुढं आता तीच सून बसते, अंगाने भरलेली, आवाज अक्कांसारखा झालेला. तिने पहिला मांडा केला आणि सरळ चुलीत टाकला. पाहुण्या बाईने विचारलं तर एका लेकीने ठसक्यात सांगितलं, "आमच्यात जुनी रीत आहे. पहिला मांडा पितरांचा." गल्लीतल्या आणखी घरांतही टाकतात म्हणे. सून जाळाकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोचला असेल ना तुझ्या मायला?"

मी मान हलवली. माय, मी इतकी पानं लिहिली, त्यातलं एकही असं कुणाच्या घरात जाऊन बसलं नाही. तू जागच्या जागी एक रीत रचलीस, एका पोरीचं तोंड झाकायला, आणि ती चालतेय.

मग ती सून म्हणाली, "हात दखाड." मी दाखवले. मधल्या बोटाला शाई होती. तिने तळव्यावरून अंगठा फिरवला, थेट अक्कांसारखा, आणि म्हणाली, "बस चुलीपुढं."

हे पत्र चुलीत टाकलं तर पोचेल, तशी सोय तूच करून ठेवलीयेस. पण टाकणार नाही. शाईचं लिखाण परत येतं तेच बरं असतं, ते खणात ठेवायची मला सवय आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. परवा तुला पोचला तो मांडा मी केलेला नव्हता. मी चुलीपुढं बसलेच नाही, पाट्यापाशी जाऊन पुरण वाटलं. मला मांडे अजून येत नाहीत, माय. हात मात्र दाखवण्यासारखे ठेवलेत.