घड्याळाचे सातवे कलम आणि बाकीची मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, राहणार याच दोन खोल्यांत, देवाला साक्षी ठेवून नमूद करते की हा कागद मी राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. ती गोंधळलेली आहे, हेही लिहिते, कारण देवासमोर अर्धे खरे लिहिता येत नाही. गोंधळलेल्या बुद्धीचे मृत्युपत्र चालते का, हे वाचनालयातून आणलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात दिलेले नाही. चालत नसेल तर पुढचे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कलम १. कारण. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी माझ्यासमोर धरली आणि सांगितले, ठोके एका लयीत पडत नाहीत. गोळ्या चालू आहेत. हमी कशाचीच नाही. मुलांना अजून सांगितलेले नाही. मुलगी ऐकताक्षणी बॅग भरून येईल. मुलाला सांगायला जीभ का उचलत नाही, ते सातव्या कलमात आहे.

कलम २. राहते घर माझ्या यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केले होते. ते मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. बँकेतली ठेव मुलीला, कारण शिक्षणाच्या वेळी तिने स्वतः माघार घेतली आणि भावाला पुढे जाऊ दिले. मला ते तेव्हाही दिसले होते.

कलम ३. शिवणयंत्र तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना. (रद्द. काका या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे पुस्तकात आहे. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग वहिनी, साक्षीदार दुसरा बघा. मला यंत्र द्या." आता दुसरा कुठून आणू? यंत्र मुलीला. तिने ते काकांना वापरायला द्यावे आणि परत मागू नये.)

कलम ४. यंत्रे. माझा मुलगा, वय एकेचाळीस, घरातले नाव छोटू, नवी उपकरणे, खेळ आणि सॉफ्टवेअर यांवर मत लिहितो. त्यावरच त्याचे पोट आहे. कंपन्या वस्तू त्याच्याकडे पाठवतात, तो माझ्याकडे पाठवतो. बारा वर्षांपूर्वी त्याने सहज विचारले होते, "आई, हा मिक्सर कसा वाटतो गं?" मी सांगितले, त्याने तेच लिहिले, लोकांना आवडले. तेव्हापासून रीत पडली. प्रत्येक वस्तू मी आधी ओल्या हाताने वापरते, मग चष्मा काढून, मग मी रागावलेली असताना. तिन्ही वेळा निभावली तर वस्तू चांगली. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवते आणि फोनवर त्याला वाचून दाखवते.

मुलीला आम्ही ताई म्हणतो. तिला हे पटत नाही. ती म्हणते, "आई, हे सगळं तुझं बोलणं आहे. बटण दाबल्यावर दाबलंय ते कळलं पाहिजे, हे मी फ्रॉकात होते तेव्हापासून ऐकतेय. खाली नाव मात्र त्याचं!"

छोटू म्हणतो, "अगं, आईचं बोलणं जसंच्या तसं छापलं तर कंपन्या मला कोर्टात खेचतील."

दोघांचेही बरोबर वाटते. पुस्तकात जमीन, दागिने, गुरेढोरे यांचे नमुने आहेत, मतांचा नाही. मत ही मालमत्ता आहे का, आणि एकदा फोनवरून सांगितलेले मत माझे उरते का, हे मला कळलेले नाही. तूर्त वही छोटूला. त्यातली एकतीस मते अजून छापलेली नाहीत.

बाकी वस्तू अशा: फरशी झाडत फिरणारे गोल यंत्र ताईला. ते काळ्या पायपुसण्याला खड्डा समजून थबकते. पायपुसणे उचलावे, यंत्रावर ओरडू नये. चेहरा पाहून उघडणारा फोन छोटूला परत. कवळी काढली की तो मला ओळखत नाही. बोलणारा वजनकाटा माझ्या जाऊबाईंना. "मॅट्रिक झालेल्या बाईला यंत्रातलं काय कळतंय," असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. काटा आकडा मोठ्याने सांगतो. आवाज कमी करता येतो, पण कसा ते त्यांना सांगू नये. त्यांना कळतेच.

कलम ५. सॉफ्टवेअर. किराण्याच्या यादीचे एक सॉफ्टवेअर मी चार वर्षे वापरते. ते ताईला द्यावे म्हणून त्याच्या अटी तीन दुपारी बसून, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचल्या. त्यांत लिहिले आहे की मी ते विकत घेतलेलेच नाही, फक्त वापरायची मुभा घेतली आहे, आणि मुभा दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे चार वर्षे मी माझी यादी परक्याच्या पाटीवर लिहीत होते. छोटूला विचारले तर म्हणाला, "आई, त्या अटी कुणी वाचतं का?" ज्याचा हा धंदा, तोच असे म्हणतो. तेव्हा या कलमाने मी कोणाला काही देत नाही. तरी कलम ठेवते, कोणी शोधत बसू नये म्हणून.

कलम ६. खेळ. त्यातल्या एकात माझा तपकिरी घोडा आहे. त्या खेळात माणसे मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी सत्तावीस तास खेळले आणि कोणालाही मारले नाही. गावातल्या प्रत्येकाशी बोलून आले. घोड्यावरून नदीपर्यंत जाते, परत येते. छोटूने त्यावर "या खेळात सज्जनाला काम नाही" असे लिहिले. वाक्य माझेच, पण शोभले त्याला. घोडाही मुभेतला असणार. तो कोणाचा हे न ठरवता, ताईने अधूनमधून त्याला नदीपर्यंत नेऊन आणावे, एवढी विनंती.

कलम ७. घड्याळ. सहा महिन्यांपूर्वी नाडी मोजणारे घड्याळ आले. मी ते मनगटावर बांधले. ते नऊ दिवस वाजत राहिले: हृदयाची लय अनियमित, डॉक्टरांना भेटा. पिठाच्या हाताने वाजले, कोरड्या हाताने वाजले, प्रार्थनेला डोळे मिटून बसले तेव्हाही वाजले. शिंपीकाकांच्या हातावर बांधून पाहिले, ते गप्प. मी ठरवले की म्हाताऱ्या कातडीशी त्याचे जमत नाही. छोटूला सांगितले, "खोटारडं आहे. बसल्या जागी माणसाला घाबरवतं."

त्याने विचारले, "कुणाच्या हातावर वाजलं?"

मी म्हटले, "शेजारणीच्या."

त्याला घोर नको म्हणून म्हटले. बारा वर्षांत त्याला खोटे सांगितलेले एवढे एकच. त्याने "घाबरट घड्याळ" या मथळ्याखाली लिहिले, आणि ते त्याचे सगळ्यांत जास्त वाचले गेलेले लिखाण ठरले. खाली लोकांनी अभिप्राय दिले. मी सगळे वाचले. एका बसचालकाने लिहिले होते: "माझंही रोज वाजायचं. तुमचं वाचून काढून ठेवलं. शांत वाटतं आता."

गेल्या महिन्यात जिन्यात मला धाप लागली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी माझा हात धरला, नाडी पाहिली आणि मला तसेच डॉक्टरांकडे नेले. घड्याळ खरे बोलत होते. माझे मत चुकले, आणि ते छोटूच्या नावाने छापले गेले. दुरुस्ती छापायची तर कोणाच्या हातावर वाजले हे त्याला सांगावे लागणार.

सबब, माझ्या मृत्यूनंतर छोटूने त्याच जागी, त्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी आणि

इथे दुसऱ्या साक्षीसाठी शेजारी येऊन बसलेल्या नर्सबाईंनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. वाचून म्हणाल्या, "मृत्यूनंतर? अहो, आणि तो बसवाला तोवर काय करेल? तुमच्या मरणाची वाट बघेल?"

शिंपीकाका म्हणाले, "आणि बसमध्ये बसलेले?"

लिहिताना मी फक्त छोटूचा आणि माझा विचार केला होता. सातवे कलम मृत्युपत्रातून काढावे की ठेवावे, आता काहीच कळेना. नर्सबाईंनी फोन लावून माझ्या कानाला दिला.

मी म्हटले, "छोटू, ते घड्याळ शेजारणीच्या हातावर नव्हतं. माझ्या होतं."

तो म्हणाला, "डॉक्टर?"

"जाऊन आले. गोळ्या चालू आहेत. पट्टी काढली. ते खरं होतं रे. आपण खोटारडं म्हटलं त्याला."

"आपण नाही. मी छापलं. कधी कळलं तुला?"

"महिना झाला."

"महिना! आई, तू..." तो मला ओरडला असता तर बरे वाटले असते. मग म्हणाला, "सांग, लिहून घेतो. तुझ्या शब्दांत सांग."

मी सांगितले. "या घड्याळाला मी घाबरट म्हटले. घाबरट मी होते. ज्यांचे वाजते त्यांनी डॉक्टरांना हात दाखवावा, मग हवे तर घड्याळाला नावे ठेवावीत." त्याने वाचून दाखवले. खाली त्याने माझे नाव घातले होते. मी म्हटले, "अरे, तुझ्या पोटावर येईल. बारा वर्षांचं लोक विचारतील."

"विचारू देत."

हे ऐकून मला बरे वाटले की भीती, ते वेगळे करता आले नाही. बसचालकाला त्याने वेगळा निरोप पाठवला. आम्ही तिघे या टेबलाशी बसून राहिलो. सही मी केली नाही. चाळीस मिनिटांनी छोटूचा फोन आला.

"आई, उत्तर आलंय त्याचं. म्हणतोय, डेपोत आहे, अर्ध्या तासात पुढची फेरी आहे. ती मारून मग डॉक्टरकडे गेलो तर चालेल का? काय सांगू?"

मी नर्सबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मत तुमचं विचारलंय."

मी म्हटले, "फेरी दुसऱ्याला दे म्हणावं. आत्ता जा म्हणावं."

सातवे कलम अमलात आले असल्याने ते रद्द समजावे. खोडलेले मात्र नाही, कारण लिहिलेले सगळे खरे आहे. बाकी कलमे कायम.

सही: छोटूची व ताईची आई
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळचे पाच

साक्षीदार १: शिंपी, तळमजला. माझ्यासमक्ष सही केली. यंत्र मिळणार नाही हे मान्य.

साक्षीदार २: निवृत्त परिचारिका, तिसरा मजला. सही करताना यांचे दुसरे मनगट माझ्या हातात होते. नाडी अनियमित. शुद्ध पूर्ण. मुलगा निघाला आहे, तो येईपर्यंत मी इथेच बसते.